काळ चुकलेल्या चार ओळी

"फोटो तोच राहू द्या, फक्त रंग काढा," माझ्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं.

मी वळले नाही. काकांच्या दुकानात माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून आहे, आणि ती तशी ठेवा असं मीच सांगितलं होतं. वडगावात कोर्टाच्या बाजूच्या गल्लीत आमचं फ्लेक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. गिऱ्हाईक काउंटरशी बोलतं, काका मान डोलावतात आणि मी ते स्क्रीनवर उतरवते. सगळं ऐकू येतं, बोलावं काहीच लागत नाही. मला असंच काम हवं होतं.

"रंग काढा म्हणजे?" काकांनी विचारलं.

"म्हंजे ब्लॅक अँड व्हाइट हो. दोन फ्लेक्स करायचेत. एक रंगीत, सत्काराचा, ऐंशी पूर्ण झाली म्हणून. त्यो ऐतवारी लावू, त्या खुर्चीत बसू शकल्या तर. आन दुसरा..." आवाज खाली आला. "दुसरा नुसता तयार ठेवा. डॉक्टर म्हणलेत, घरी न्या. आता तुमीच समजा."

"अहो भाऊ, माणूस आहे ना अजून?"

"हाय की! म्हणून तर आधी आलो. दिवाळी तोंडावर आली, तुमचं मशीन शुभेच्छांच्या फ्लेक्समधी अडकनार. मागच्या टायमाला आमच्या चुलत्यांचा फ्लेक्स दहाव्याला मिळाला. तवर निम्मी माणसं भेटून गेलती."

हे भाऊ म्हणजे कार्ल्याचे एक कार्यकर्ते. गावातला कुठलाही फ्लेक्स त्यांच्या हातून आमच्याकडे येतो, आणि प्रत्येकावर खालच्या रांगेत त्यांचा फोटो असतो.

"खाली माझा हसरा टाकू नका बरं का," ते म्हणाले. "दुखवट्याचा वेगळा काढून ठिवलाय. पेन ड्राइव्हमधी हाय."

काकांनी माझ्या खांद्यावरून पेन ड्राइव्ह पुढे केला. मी तो लावला, फोटो उघडला, आणि माझा हात माऊसवरच राहिला.

फोटो बाईंचा होता.

बाईंना आमच्या भागात सगळे बाईच म्हणतात. चाळीसेक वर्षं त्यांनी झेडपीच्या शाळांत शिकवलं. ते करता करता चार पुस्तकं लिहिली, मावळातल्याच माणसांच्या गोष्टींची. पुण्याच्या दुकानांत ती सहसा मिळत नाहीत. मी त्यांना आयुष्यात एकदाच भेटले होते, अकरा वर्षांपूर्वी, आणि ती भेट आठवली की आजही माझे कान गरम होतात.

"कर गं चालू," काका म्हणाले. मी फोटोतला रंग काढू लागले. तो एकदम जात नाही. आधी साडीचा हिरवा काठ गेला, मग ओठ, मग मागच्या खिडकीतलं शेत. कपाळावरची टिकली तेवढी शेवटपर्यंत तांबूस दिसत राहिली. मग तीही काळी झाली.

इथे मला थोडं मागे जावं लागेल. नाहीतर त्या फोटोसमोर माझं काय झालं ते कळणार नाही.

माझी शाळा लोणावळ्यातली, इंग्रजी. वडगावहून रोज लोकलने जायचे. शाळेत मराठीत बोलताना कुणी सापडलं की त्याच्या गळ्यात एक लाकडी पट्टी अडकवायचे. ती पुढचा बोलणारा सापडेपर्यंत उतरायची नाही. त्यामुळे पट्टीवाला कान टवकारून फिरायचा आणि बाकीचे तोंड मिटून. मी तोंड मिटायला लवकर शिकले. इंग्रजीतही फारसं बोलायचे नाही, मराठीत तर नाहीच.

माझी आई पवन मावळातली. ती 'हितं', 'तितं' म्हणते, 'हो'ला 'व्हय' म्हणते. सहावीत असताना एका पालकसभेत मिसनी तिला इंग्रजीत काहीतरी विचारलं. तिला समजलं होतं, पण ती गडबडली आणि म्हणाली, "व्हय." शेजारच्या दोघी आयांनी एकमेकींकडे पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं. परतीच्या लोकलमध्ये आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुढल्या टायमाला बाबांना पाठवते." मी 'नको, तूच ये' म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "हळू बोल ना."

आठवीत असताना कळलं की शाळेत मराठीच्या कार्यक्रमाला एक लेखिका येणार आहेत. पाहुण्यांनी विचारलं तर दोन-चार मुलांना काहीतरी सांगता यावं, म्हणून मराठीच्या मिसनी कुलपातल्या कपाटातून त्यांची पुस्तकं काढून आम्हाला वाटली. माझ्या वाट्याला हिरव्या पुठ्ठ्याचं आलं. लोकलमध्ये मी ते बोटाने वाचत होते, जोडाक्षरांशी थांबत. तिसऱ्या पानावर एक बाई रेल्वेच्या फाटकापाशी उभी राहून काहीतरी विचारत होती, आणि तिच्या वाक्याच्या शेवटी छापलेलं होतं, 'व्हय?'

मी आजूबाजूला पाहिलं. कुणी पाहिलं तर मला पट्टी मिळेल असं वाटलं. छापलेलं पुस्तक, शाळेचा शिक्का मारलेलं, आणि त्यात आईचा शब्द.

घरी जाऊन ते पान आईपुढे धरलं. तिने पदराला हात पुसले, उंबऱ्यावर बसली आणि वाचायला लागली. आधी मनात, मग मोठ्याने. "ह्ये आमच्यावानी कोण बोलतंय?" असं मध्येच म्हणाली आणि पुढे वाचत राहिली. मी आईला कधी वाचताना ऐकलं नव्हतं. तिला इतका चांगला आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर मी तिला कधी 'हळू बोल' म्हटलं नाही. एवढं त्या पुस्तकाने केलं. मी लिहायला लागले तेही त्यामुळेच, पण ते नंतरचं आणि त्यापेक्षा लहान.

कार्यक्रमात आभारप्रदर्शन माझ्याकडे आलं. ते नेहमी न बोलणाऱ्या मुलांकडेच येतं, कारण तोवर अर्धी माणसं उठलेली असतात. मिसनी कागद लिहून दिला होता: 'आम्ही पाहुण्यांचे मनःपूर्वक आभार मानतो.' मी तो पाठ केला. पण स्टेजवर गेल्यावर बाई समोर बसलेल्या दिसल्या, हिरव्या काठाची साडी, पायात साध्या चपला, आणि मला ते वाक्य फार लहान वाटलं. मला मोठा शब्द हवा होता. मराठीत मला जो सगळ्यात मोठा शब्द माहीत होता तो मी रोज लोकलच्या खिडकीतून पाहत असे. कामशेतला, मळवलीला, प्रत्येक चौकात, माणसाच्या फोटोखाली, फुलांच्या चौकटीत, सगळ्यात मोठ्या अक्षरांत. श्रद्धा मला माहीत होती. भावपूर्ण माहीत होतं. आदर दाखवायची ही सर्वांत वरची पायरी असणार असं मी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

मी माइकवर म्हटलं, "मी बाईंना भावपूर्ण श्रद्धांजली अर्पण करते."

हॉल हसला. मिसनी तोंडावर हात घेतला. मला काय चुकलं ते कळेना, पण चुकलं हे कळलं. बाई उठल्या, माझ्याजवळ आल्या, माइक आपल्याकडे ओढून म्हणाल्या, "जरा लवकर झालं. पण हरकत नाही, मिळालं हे लक्षात ठेवते." हॉल पुन्हा हसला, पण या वेळी माझ्यावर नाही. खाली उतरल्यावर त्यांनी पिशवीतून त्याच हिरव्या पुस्तकाची स्वतःची प्रत काढली, माझ्या हातात दिली आणि आत लिहिलं: 'उरलेले आभार घरी येऊन मान.'

त्यांचं घर कार्ल्यात, डोंगराच्या पायथ्याशी. मळवली स्टेशनावर उतरलं की तासाभराची चाल. मी शाळेची उरलेली दोन वर्षं आणि कॉलेजची पाच वर्षं त्या स्टेशनवरून रोज गेले. मळवली आली की मी पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघायचे. घरी आल्यावर त्या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहिला होता, आणि तेव्हापासून मनात एक वेडी भीती होती: मी गेले, तर माझ्याबरोबर तो शब्दही त्यांच्या घरात जाईल. मोठी झाल्यावर भीती गेली, पण तोवर लाज बसली होती. पुढच्या वर्षी जाऊ. काहीतरी चांगलं लिहून झालं की ते घेऊन जाऊ. अशी अकरा वर्षं.

आणि आता त्या माझ्या स्क्रीनवर होत्या, रंग काढलेल्या.

दुखवट्याचा साचा आमच्याकडे तयारच असतो. वर दोन समया, खाली पांढरी फुलं, मध्ये चौकट. मथळा टाइप करायचीसुद्धा गरज नसते. 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरं त्यात आधीपासून बसवलेली आहेत. मी फोटो चौकटीत सोडला. त्याखाली 'दि.' एवढंच लिहिलं आणि पुढची जागा मोकळी ठेवली. कर्सर त्या मोकळ्या जागेत उघडमीट करत राहिला.

"चार वळी बी टाका त्यांच्याविषयी," भाऊ मागून म्हणाले. "नुसत्या फुलांनी भागत न्हाई, लेखिका होत्या त्या."

"आहेत," काका म्हणाले.

"व्हय, हायेत. ताई, तुमी लिवा. ह्या ताईंचं मराठी कसं हाय?"

"बोलत नाही, पण लिहिते," काका म्हणाले.

मी लिहिलं. अकरा वर्षं मनात होतं ते सगळं नाही, पण त्यातलं बरंचसं. सात-आठ मिनिटं लागली असतील. माझी पाठ भाऊंकडे होती म्हणून जमलं.

'बाईंनी आमची बोली आम्हाला छापून दिली.
ज्यांना घरातलं बोलणं लपवावंसं वाटत होतं, त्यांनी ते बाईंच्या पुस्तकात मोठ्याने वाचलं.
त्या मावळाचं ऐकून घेत होत्या आणि एकही शब्द न सुधारता लिहीत होत्या.
त्यांचे आभार मानायचे राहून गेले.'

"लय भारी," भाऊ म्हणाले. "काटा आला बघा अंगावर. प्रूफ मोबाइलवर पाठवा, घरच्यांना दाखवतो. मी निघतो."

प्रूफ पाठवताना त्यावर आडवं, मोठ्या फिक्या अक्षरांत 'नमुना' टाकायचं, हा काकांचा पहिला नियम. नाहीतर लोक प्रूफच वापरून मोकळे होतात. मी 'नमुना' टाइप केलं. तो शब्द तिरपा होऊन बरोबर बाईंच्या तोंडावर आला. मी तो हलवून पाहिला. कुठेही ठेवला तरी त्याचं एक अक्षर डोळ्यांवर येत होतं. मी तो पुसला, फाइल पाठवून दिली आणि बंद केली. मला ती फक्त बंद करायची होती.

काका जेवायला घरी गेले. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं, पण पश्चिमेला ढग जमायला लागले होते. या दिवसांत रोज दुपारी हेच होतं. सकाळ कोरडी ठणठणीत, आणि तीन-साडेतीनला लोणावळ्याच्या बाजूने आभाळ काळं होत येतं. भात पिकत आलेलं असतं आणि सगळे मान वर करून बघत असतात. लाइट एकदा गेली, आली. कॉम्प्युटर पुन्हा चालू होताना त्याने विचारलं की शेवटची फाइल उघडायची का. मी 'नाही' दाबलं.

तेवढ्यात फोन वाजला. शाळेचा जुना ग्रुप. मी त्यात कधी काही लिहीत नाही. कुणीतरी फोटो टाकला होता.

दोन समया, पांढरी फुलं, माझ्या चार ओळी. तारखेची जागा मोकळी.

खाली एकाने लिहिलं होतं, 'ओह नो. या आपल्या शाळेत आल्या होत्या ना?' दुसरीने, 'अरे हो! हिनेच तर त्यांना स्टेजवर मारलं होतं!' पुढे हसणारी तोंडं. 'ॲडव्हान्स बुकिंग.' आणखी तोंडं.

आधी मला वाटलं, प्रूफ बाहेर फुटलं. मग वाटलं, कशावरून? सकाळी भाऊ म्हणालेच होते, आता तुमीच समजा. प्रूफ घरी दाखवलं असेल आणि तेवढ्यात ते झालंही असेल. मी भाऊंना फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. सहाव्यांदा तोच आवाज आला तेव्हा मी ड्रॉवरमधलं हिरवं पुस्तक पिशवीत घातलं, शटर अर्धं ओढलं, काकांना मेसेज केला आणि हायवेला येऊन उभी राहिले. दुपारी लोकलला मोठा खंड असतो. लोणावळ्याला जाणारी एसटी मिळाली.

पुढच्या सीटवर दोन मावश्या बसल्या होत्या, मांडीवर बाजाराच्या पिशव्या.

"कार्ल्याच्या बाई गेल्या म्हणं," एक म्हणाली.

"आगं बया! कवा?"

"आत्ताच मोबाइलवर आलंय. आमच्या धाकटीला शिकवलंय त्यांनी. काय लिवलंय गं त्यात! म्या दोनदा वाचलं, दोनदा पाणी आलं."

"वाच की मला."

तिने वाचलं. माझ्या ओळी, आईसारख्याच बोलीत, मोठ्याने, चालत्या एसटीत. मी लिहिलेलं कुणीतरी वाचताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी म्हणू शकत होते की मावशी, ते प्रूफ आहे, मी केलंय, खरं की खोटं मलाही माहीत नाही. मी खिडकीच्या गजाला धरून बसले. ती शेवटच्या ओळीशी आली, 'राहून गेले,' आणि दुसरी मावशी म्हणाली, "राहतंच गं. सगळ्यांचंच राहतं."

कामशेतच्या पुढे पाऊस लागला, पाच मिनिटं, आणि थांबला. कार्ले फाट्याला उतरले तेव्हा डोंगराचं डोकं ढगात गेलं होतं. रस्त्याच्या कडेच्या टपऱ्यांवर ताडपत्र्या ओढलेल्या. शेतांमध्ये कुठेकुठे भात आडवं झालेलं, जणू कुणी त्यात लोळून उठलंय. वारा अजिबात नव्हता. एका पोत्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या उचलायला कुणी घरात नव्हतं. सगळे कुठेतरी गेले होते.

सगळे कुठे गेले होते ते वळणावर कळलं. बाईंच्या घरापुढे चपलांचा ढीग होता. भर दुपारी, आडवारी, दारात एवढ्या चपला दिसल्या की आमच्याकडे कुणाला काही विचारावं लागत नाही. मी तिथेच थांबले. ओट्यावर बायका पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. पायरीवर तीन-चार हार पडलेले. आणि फाटकात एक म्हातारे आबा उभे होते, खांद्यावर दोन हिरवे बांबू घेऊन, नुकतेच तोडलेले.

तेव्हा माझे पाय मागे वळले होते, हे मी लपवत नाही. मी दोन पावलं मागे गेलेही होते. मग आतून बाईंची सून बाहेर आली आणि तिचा आवाज साऱ्या आळीत ऐकू गेला.

"आबा, खाली ठेवा ते! त्या जित्या हायेत!"

"जित्या हायेत?" आबा म्हणाले. "मग मोबाइलवर..."

"मोबाइलला आग लावा. च्या घ्या आन घरी जावा. आन ते बांबू आधी न्या हितनं, नजरेला पडले त्यांच्या तर काय म्हणतील?"

"आता तोडलेत तर," आबा चाचरत म्हणाले, "मांडवाला घालतो मी माझ्या. घेवड्याच्या."

ओट्यावरची एक बाई हसली आणि तिने लगेच तोंड दाबलं. मला हसू आलं नाही. मी फाटकाचा खांब धरला.

ओट्याच्या कोपऱ्यात भाऊ उभे होते, घामाने भिजलेले, दोन्ही हात जोडून एकेकाला सांगत. "मी घरच्या ग्रुपवर टाकायला गेलो, ते गावाच्या ग्रुपवर गेलं. त्यावर नमुना लिव्हलेलं नव्हतं हो. दुकानातल्या पोरीची चूक. नमुना असता तर कुणी पुढं पाठवलं असतं का?"

"कोण पोरगी?" सून म्हणाली. "गावू दे मला एकदा."

भाऊंची नजर माझ्यावरून फिरली आणि पुढे गेली. त्यांनी सकाळी माझी पाठच पाहिली होती. मी तिथून निघून गेले असते तर कुणालाही कधीच कळलं नसतं. मी निघून जाण्यात तरबेज आहे. आभाळ आणखी खाली आलं होतं, अंधारून आलं होतं, आणि आतून एका मशीनचा घुर्र घुर्र आवाज येत होता, थांबून थांबून. तो थांबला की ओट्यावरच्या सगळ्या बायका दाराकडे बघायच्या.

मी चपला काढल्या. त्या ढिगापासून जरा लांब ठेवल्या.

"आता तुमी कोण?" सुनेने विचारलं. माझ्या हातात फुलं नव्हती, पुस्तक होतं. तिने पुस्तकाकडे पाहिलं आणि बाजूला झाली. "दोन मिंट. बोलायला लावू नका."

बाई खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसवलेल्या होत्या. नाकाला नळी. ऑक्सिजनचं मशीन पायथ्याशी. फोटोतली खिडकी हीच होती, तेच शेत, फक्त आता त्यात रंग फारसा उरला नव्हता. त्यांच्या छातीवर सुनेचा मोबाइल उताणा पडला होता.

"ये," त्या म्हणाल्या. आवाज पूर्वीचाच होता, फक्त फार लांबून यावा तसा. "हार आणलास का? सगळे आणतायत. मी म्हटलं, आणलेत तर घाला, परत कशाला नेता. तर रडायला लागतात."

मी पुस्तक दोन्ही हातांत धरून पलंगाजवळ उभी राहिले.

"हे वाचलंस?" त्यांनी मोबाइलवर बोट ठेवलं. "मला सगळ्यांना एकच विचारायचंय, हे लिहिलं कुणी. सून म्हणते, सापडेल त्याला झोडपते. मी म्हटलं, आधी माझ्याकडे आण." मशीनने दोनदा श्वास घेतला, मग त्यांनी घेतला. "चांगलं लिहिलंय. फक्त काळ चुकलाय."

एवढ्या वर्षांच्या शिक्षिका. त्यांना त्या बॅनरमध्ये क्रियापदं दिसली होती. 'होत्या.' 'लिहीत होत्या.' की त्यांना दुसरा काळ म्हणायचा होता, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"मी लिहिलंय," मी म्हटलं. इतकं हळू की मलाच नीट ऐकू आलं नाही. म्हणून पुन्हा म्हटलं. "मी लिहिलंय, बाई. नमुना टाकायचा राहिला तो माझ्याकडूनच."

दारात उभी असलेली सून एक पाऊल पुढे आली. बाईंनी बोट वर केलं, वर्गात करतात तसं, आणि ती थांबली.

"तू कोण?"

मी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं, त्यांच्या सहीच्या पानावर. त्यांनी डोळे बारीक केले. अक्षर त्यांचंच, पण वाचायला वेळ लागला.

"मी शाळेतली," मी म्हटलं. "लोणावळ्याची. ती श्रद्धांजलीवाली."

त्यांना आठवलं. ते आधी डोळ्यांत दिसलं, मग त्या हसल्या, आणि हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेना. सून धावली, पाठीवर हात फिरवू लागली, माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीला लागले. मशीनचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला. बाहेर ओट्यावर कुजबुज थांबली. खिडकीबाहेर पहिली वीज चमकली, पण आवाज आला नाही. मी मोजत होते, किती वेळ आवाज येत नाही ते.

गडगडाट झाला. मग खोकला थांबला. दिवा हिरवा झाला.

"दोनदा," बाई म्हणाल्या, डोळे पुसत. "दोनदा मारलंस की गं मला. तिसऱ्या वेळी बरोबर निघेल बघ."

आणि ते बरोबर निघालं. पुढे ती फाइल पुन्हा उघडावी लागली, दिवाळी संपायच्या आत. तारीख मीच भरली. चार ओळींतल्या तीन तशाच ठेवल्या. शेवटची काढून टाकली, काकांनी विचारलं तरी कारण सांगितलं नाही. ते कारण त्या दुपारचं आहे.

बाईंनी मोबाइल उचलून माझ्या तोंडासमोर धरला होता. सुनेला त्यांनी तो धरू दिला नाही. शेवटच्या ओळीवर त्यांचं नख होतं.

"हे काय लिहिलंयस? राहून गेले? मी तर हितंच आहे अजून." आयुष्यभर त्या स्वतः शुद्ध बोलल्या, फक्त पुस्तकांतल्या माणसांना तसं बोलू दिलं. पण त्या क्षणी त्या 'हितंच' म्हणाल्या, मी ऐकलं. "चल. दुरुस्त कर. वर्तमानकाळात सांग."

ओट्यावर सगळे ऐकत होते. भाऊ दारापर्यंत आले होते. सून पदराने कपाळ पुसत उभी होती. पावसाचे मोठे थेंब पत्र्यावर पडायला लागले होते, एकेक, अंतर ठेवून. मला माहीत होतं की मोठ्याने बोलावं लागेल, नाहीतर त्यांना ऐकू जाणार नाही. लाकडी पट्टी आठवली, हॉल आठवला, मळवलीची पलीकडची खिडकी आठवली. मोठा शब्द शोधला नाही.

मी म्हटलं, "बाई, तुमच्या पुस्तकात माझी आई बोलते. मी रोज ऐकते."